घाटातला बँकर

माझ्या वडिलांचा उजवा हात रेल्वेचे डबे जोडणाऱ्या कपलिंगमध्ये सापडला होता, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. शाळेत मैत्रिणींना सांगितलं, लग्न ठरताना सासरच्यांना सांगितलं, डॉक्टरांनाही सांगितलं. दादांनीच आम्हाला तसं सांगितलं होतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते खोटं होतं हे मला कळलं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती, आणि तेव्हा जो राग डोक्यात बसला तो अजून उतरलेला नाही. लिहिलं की मोकळं वाटतं, असं म्हणतात. मला मोकळं व्हायचं नाही. गावाने दादांचा फ्लेक्स छापला, त्यात एक हसरा म्हातारा हात जोडून उभा होता. तो माणूस आमचे दादा नव्हते, एवढं मला सांगायचंय.

दादा हसरे नव्हतेच. लोणावळ्याजवळच्या एका रेल्वे फाटकावर ते गेटमन होते. उंची बेताची, मान आखूड, नाक डावीकडे कललेलं. उजव्या हाताची तीन बोटं आत वळून तशीच राहिलेली. त्या हाताची धड मूठ होत नसे, धड पंजा उघडत नसे. सही डाव्या हाताने करायचे, पण जेवायचे उजव्यानेच. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत भाकरीचा तुकडा धरायचे. भात सांडायचा. आईने चमचा पुढे केला की ताट बाजूला सारून उठायचे. मग आईने चमचा पुढे करणं सोडलं.

त्यांना राग कशाचाही यायचा. पडलेल्या फाटकाखालून वाकून जाणाऱ्यांचा यायचा, तो समजण्यासारखा होता. पण हार-तुऱ्यांचा, सत्काराच्या नारळांचा, लग्नात माइकवरून नावं पुकारण्याचा सुद्धा यायचा. कुणी खांद्यावर हात टाकला की ते खांदा काढून घ्यायचे. जत्रेला जाऊ का, असं विचारायची आमच्यात कुणाची टाप नव्हती. नाणे मावळातल्या आमच्या गावाला आम्ही भावंडं लहानपणी एकदाही गेलो नाही. आजी आमच्याकडे यायची, काका यायचे. दादा जायचे नाहीत.

एवढा रागीट माणूस, पण घरात कुणावर हात उगारला नाही. फार संतापले की क्वार्टरच्या मागे जायचे आणि गुरांचं दावं हातात घेऊन दोरीवरच्या उड्या मारायचे. दाव्याचं एक टोक डाव्या मुठीत, दुसरं उजव्या मनगटाला गुंडाळलेलं. चवड्यावर नाचल्यासारखे, पायांचा आवाज न करता. आम्हाला वाटायचं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

आणि एक शब्द त्यांच्या तोंडी कायम असायचा. "पाय हलव." नापास झालं, पाय हलव. नोकरी गेली, पाय हलव. माझ्या धाकट्या भावाचं ठरलेलं लग्न मोडलं आणि तो दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, तेव्हा दादा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "एका जागी उभा राहू नको रे. एका जागी उभ्या माणसाला मारतात." भावाला वाटलं, दादा काहीतरी बरळतायत.

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. आमचे एक गुरुजी शिष्यवृत्तीच्या मुलांना वर्गासमोर उभं करायचे आणि प्रत्येकाची जात मोठ्याने म्हणायला लावायचे. मी रडत घरी आले.  दुसऱ्या दिवशी दादा रात्रपाळी संपवून तसेच निळ्या कपड्यांत माझ्याबरोबर शाळेत आले आणि माझ्या बाकावर माझ्या शेजारी बसले. बाक लहान, त्यांचे गुडघे वर आलेले.

"आपण कोण? काय काम आहे?" गुरुजींनी विचारलं.

"हिचा बाप. काम काही नाही. तुम्ही शिकवा, मी ऐकतो."

"पालकांना वर्गात बसता येत नाही."

"मग तुम्ही मला उभं करा आणि माझी जात विचारा. मी मोठ्याने सांगतो. मग जातो."

गुरुजींनी विचारलं नाही. दादा शाळा सुटेपर्यंत बसले. मराठी, गणित, भूगोल, सगळं ऐकलं. मधल्या सुट्टीत उठले नाहीत. पुढे गुरुजींनी शिष्यवृत्तीचं कधी वर्गात काढलं नाही, पण मला वर्षभर फळ्याकडेही बोलावलं नाही. हे मी दादांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते वर्षभर बाकावर येऊन बसले असते.

ते बॉक्सर होते हे मला कळलं ते त्यांच्या म्हातारपणी, आणि तेही रस्त्यावर. पावसाळ्यातला रविवार होता. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती आणि आमच्या ओळखीच्या कमलमावशी कडेला शेगडीवर कणसं भाजत होत्या. मी आणि दादा तिथेच उभे होतो. एक दांडगा पर्यटक, बाटलीच्या अमलात, कणीस कच्चं आहे म्हणून मावशींना शिव्या द्यायला लागला आणि त्याने शेगडीला लाथ घातली. निखारे मावशींच्या पायाशी सांडले. मी मावशींना मागे ओढत होते, तेवढ्यात दादा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, अंगात स्वेटर.

"शेगडी उचल," ते म्हणाले.

त्या माणसाने सरळ ठोसा मारला. दादांनी मान एवढीशी कलवली आणि ठोसा कानाजवळून गेला. त्याने दुसरा मारला. दादा गुडघ्यात वाकून त्याच्या हाताखालून पलीकडे निघाले. हनुवटी खाली, दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटलेली, पाय चवड्यावर. तिसऱ्या ठोशाला तो माणूस स्वतःच्याच जोराने गटारात पडला. दादांनी त्याला बोटही लावलं नाही. वर उभे राहून पुन्हा म्हणाले, "शेगडी उचल." त्याच्या मित्रांनी उचलली.

कुणीतरी मोबाइलवर ते सगळं टिपलं आणि आठवड्याभरात ते मावळभर फिरलं. मी दादांना विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"काय शिकायचंय त्यात. पाय हलवले नुसते."

त्या व्हिडिओमुळेच गाव आमच्या दारात आलं. गावातून एक जण मोठ्या गाडीतून आला. सागर त्याचं नाव, पस्तिशीचा, गळ्यात चेन, ग्रामपंचायतीला उभा राहणार होता. हातात शाल, नारळ, पेढे. गावात नवी व्यायामशाळा झाली होती, तिथे बॉक्सिंगची रिंगही बसवली होती.

"आजोबा, तुमी रेल्वेत असताना बॉक्सिंग खेळायचा, असं आमच्या आबांनी सांगितलं. गावातले पहिले बॉक्सर तुमी. उद्घाटनाला तुमचा सत्कार ठेवलाय."

"कोण आबा?" दादांनी विचारलं.

सागरने आपल्या आजोबांचं नाव सांगितलं. दादा उठले, शाल आणि नारळ उचलून बाहेर त्याच्या गाडीच्या टपावर ठेवून आले आणि म्हणाले, "जा."

सागर माझ्याकडे बघून हसला. म्हातारी माणसं, असं त्याला म्हणायचं होतं. मला दादांचा रागच आला. उभं आयुष्य ज्याला कुणी विचारलं नाही त्याला एकदा विचारायला आले, तर हा माणूस शाल टपावर ठेवतो. मी ठरवलं, दादा सांगत नाहीत तर आपण शोधून काढू. मी घोरावाडीला राहते, दादा निवृत्तीनंतरही लोणावळ्यातच होते, आणि लोकलने लोणावळा फार लांब नाही. दादांच्या बरोबरीचे जे कुणी रेल्वेत होते त्यांची दारं मी ठोठावत फिरले. बहुतेक जण गेलेले होते. एकाने सांगितलं, तुंगार्लीला आयरीन आंटी आहे, तिला विचार.

आयरीन आंटी म्हणजे फ्रँक मास्टरांची मुलगी. फ्रँक मास्टर अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, घाटात गाड्या चढवणारे, आणि संध्याकाळी रेल्वे कॉलनीच्या हॉलमध्ये पोरांना बॉक्सिंग शिकवणारे. त्या हॉलमध्ये नाताळात नाच व्हायचा आणि बाकी वर्षभर बॉक्सिंग. आंटीच्या बंगल्याचं रंगकाम सुरू होतं, सगळं सामान व्हरांड्यात होतं, त्यातल्या एका खुर्चीवर तिने मला बसवलं.

"गणपतची मुलगी तू? तोंड तसंच आहे. रागावलेलं."

तिचं मराठी हिंदीच्या अंगाने जायचं. तिने सांगितलं ते असं. दादा तेव्हा रेल्वेच्या यार्डात खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारे मजूर, होते. विशीतला पोरगा. रोज संध्याकाळी हॉलच्या खिडकीबाहेर उभा राहायचा आणि आत चाललेलं बघत अंधारात एकटाच हात चालवायचा.

"पप्पाने एक दिवस त्याला आत बोलावलं. तो आत येईना. म्हणाला, साहेब, मी अमक्या जातीचा, आमच्या गावात मला तालमीत घेत नाहीत. पप्पाने काय विचारलं माहीत आहे? वजन किती? बस. वजन किती."

हे सांगताना आंटी हसली. मला हसू आलं नाही. तालमीचं मी काकांकडून ऐकलं होतं. तालमीची लाल माती चाळायची, त्यात ताक, तेल, हळद कालवायची, ती पायांनी मळायची, हे काम आमच्या वस्तीतल्या पोरांचं. माती तयार झाली की पोरांनी बाहेर. ज्या मातीत दादांचे पाय दिवसभर चालायचे तिथे संध्याकाळी दादांची सावली चालत नव्हती.

"सगळे त्याला बँकर म्हणायचे," आंटी सांगत होती. घाट चढताना गाडीला मागून एक जादा इंजिन लावतात, ढकलायला, त्याला रेल्वेत बँकर म्हणतात. "तुझा बाप तसाच. समोरच्याला ढकलत ढकलत दोरीपर्यंत न्यायचा. उजवा हात असा होता त्याचा, बाप रे. पप्पा म्हणायचा, हा मुलगा खूप पुढे जाणार. मोठी टूर्नामेंट जिंकला, कप मिळाला. त्याला आईला दाखवायचा होता. गावाला गेला. परत आला तेव्हा हात फडक्यात गुंडाळलेला."

"कपलिंगमध्ये सापडला ना हात?"

 "तो रजेवर होता, बेटा. रजेवर कपलिंग कुठून आलं? पप्पाला रडताना मी तेव्हा पाहिलं, एकदाच. पप्पा पोलिसात जाणार होता. गणपतने त्याचे पाय धरले. जाऊ दिलं नाही. मग पप्पानेच साहेबांकडे खेटे घालून त्याला गेटवर लावून घेतलं. कोणी केलं ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही."

मी तिथून उठले ती थेट गावाला गेले, नामदेवकाकांकडे. काका दादांचे धाकटे भाऊ, वस्तीवरच राहतात. मी अंगणात उभ्या उभ्याच विचारलं. काका म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

"दादानं शप्पत घातलीय," ते म्हणाले.

"काका, आता ते लोक दादांचा सत्कार करायला निघालेत."

तेव्हा काका बोलले. जत्रेचा दिवस होता. दादा कप घेऊन आले, आईला दाखवला, वस्तीतल्या पोरांनी तो डोक्यावर घेऊन नाचवला. त्या आवाजाने पाटलाचा पोरगा, म्हणजे सागरचे आजचे आबा, कुस्तीच्या फडातून तिकडे आला. नुकताच कुस्ती मारून आलेला, अंगाला माती.

"म्हनला, काय रं, सायबांच्यात जाऊन पैलवान झाला व्हय? आन् कपाला लाथ मारली. दादानं एकच दिला. एकच. पडला तो, सगळ्या जत्रंसमोर. उठंना. मग सांजच्याला चौघं आले. दादाला तालमीपाशी न्हेला. तालमीच्या पायरीवर त्येचा उजवा हात धरला तिघांनी. चौथ्याच्या हातात पहार व्हती."

"चौथा कोण?"

"इचारतीस कशाला? ज्येचा जबडा मोडला व्हता, त्योच."

"आणि गावाने काय केलं?"

"गावानं काय करायचं? गाव बघत व्हतं."

सहा-सात वर्षांचे काका तेव्हा आजीचं लुगडं धरून तिथेच उभे होते. आमच्या लोकांनी त्याच्या दहाएक वर्षं आधी बुद्धाची दीक्षा घेतली होती, मेलेली गुरं ओढणं बंद केलं होतं, गावाचा तो राग साठलेला होता. दादांचा ठोसा हे निमित्त.

घरी आले. दादा पेपर वाचत होते. मी सरळ विचारलं, "पोलिसांत का नाही गेलात?"

त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. "नामदेव बोलला."

"मला उत्तर द्या, दादा."

"आई तिथं राहत होती. नामदेव तिथं राहत होता. मी फिर्याद देऊन लोणावळ्याला आलो असतो. त्यांनी कुठं जायचं होतं?"

"मग आम्हाला का खोटं सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही शिकला असता का? तुझा भाऊ विळा घेऊन गावाला गेला असता." त्यांनी पानाची घडी घातली, उलगडली. मग विचारलं, "कधी आहे तो कार्यक्रम?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "तुम्ही जाणार? गेलात तर कदाचित बरं वाटेल तुम्हाला."

मी तारीख सांगितली आणि सागरला येतोय म्हणून कळवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दादांनी रेल्वेचे जुने काळे बूट पॉलिश केले आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. गावाच्या वेशीवरच तो फ्लेक्स होता. 'गावचे सुपुत्र.' व्हिडिओतून दादांचा चेहरा कापून कुणाच्यातरी हात जोडलेल्या धडावर चिकटवलेला, आणि ओठ संगणकावर हसरे केलेले. दादांनी गाडीतून बघितला आणि मान वळवली.

व्यायामशाळा जुन्या तालमीच्याच जागी होती. लाल मातीचा हौदा एका बाजूला तसाच ठेवला होता, पायऱ्या तशाच होत्या, वर पत्रे आणि दिवे. सागरने माइकवरून दादांचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. दादा स्टेजकडे गेले नाहीत. पहिल्या रांगेत खुर्चीवर आबा बसले होते, डोक्याला फेटा, हातात काठी, डोळे पाणावलेले. दादा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"वळखलंस का?"

"वळखलं की गणपत. ये, बस."

दादांनी उजवा हात त्यांच्या तोंडासमोर धरला. ती आत वळलेली बोटं आबांच्या मिशीला लागतील एवढ्या जवळ. "धर."

आबा हाताकडे बघत राहिले.

"धर की. तवा धरायला तिघं लागले व्हते. आज मी आपणहून देतुय."

मी दादांना घरात असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पन्नासपेक्षा जास्त वर्षं ज्या बोलीला त्यांनी तोंडात येऊ दिलं नव्हतं, ती तशीच्या तशी आली.

"झालं गेलं, गणपत," आबा म्हणाले. "तवा तसंच व्हतं. माझा बी जबडा अजून ठणकतो थंडीत."

"ठणकायलाच पायजे."

सागर धावत आला. "आजोबा, लोक बघतायत."

"बघू दे. तवा बी बघतच व्हते."

दादांनी हात तसाच ठेवला. माइक कुंईकुंई करत होता, तो कुणी बंद करेना. आबांचे हात मांडीवर काठीला घट्ट धरून राहिले, आणि मग त्यांनी मान खाली घातली. ती शरमेने की वयाने, मला माहीत नाही. मला त्यांच्याबद्दल काही कळून घ्यायचंही नाही. दादांनी हात खाली केला आणि बुटांसकट हौद्याच्या मातीत उतरले. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेले, पलीकडच्या पायरीवरून बाहेर पडले, आणि गाडीत येऊन बसले. कुणी अडवलं नाही. एक बाई पुढे आली, वस्तीतली, तिने दादांच्या पायाला हात लावला. बाकी गाव बघत होतं.

मी सागरला म्हटलं, तो फ्लेक्स आजच्या आज काढा. तो म्हणाला, काढतो ताई. तो फ्लेक्स निवडणूक होईपर्यंत तिथेच होता आणि सागर निवडून आला.

दादा पुढच्या उन्हाळ्यात गेले, झोपेत. मी तेव्हा घोरावाडीला होते, पोहोचेपर्यंत त्यांना अंघोळ घातलेली होती. तो चेहरा मी बघितला, पण तो मला आठवत नाही. माझ्या डोळ्यांपुढे शेवटचे दादा आहेत ते त्या दिवशी गावाहून परतताना पाहिलेले.

कामशेत सोडून आम्ही हायवेला लागलो. ते खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं, "बरं वाटतंय ना आता?"

"नाही," दादा म्हणाले. "गाडी थांबव."

मी कडेला घेतली. ते उतरले, गवतातून दहाबारा पावलं गेले आणि नाणे मावळाच्या डोंगरांकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी शिव्या द्यायला सुरुवात केली. मी त्यांच्या तोंडून उभ्या आयुष्यात शिवी ऐकली नव्हती. आईबहिणीवरून नाही. त्या चौघांची एकेकाची नावं घेऊन, गावाचं नाव घेऊन, तालमीचं, जत्रेचं, पायरीचं नाव घेऊन. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मागून ट्रक जायचा की आवाज बुडायचा आणि शर्ट पाठीवर फुगायचा, ट्रक गेला की पुन्हा ऐकू यायचं. मी गाडीच्या दाराशी उभी राहिले. जवळ गेले नाही.

बऱ्याच वेळाने ते थांबले. रुमालाने तोंड पुसलं, बुटांचे तळ गवतावर नीट घासले, गाडीत बसले आणि दार लावून घेतलं.

"चल," ते म्हणाले, "भूक लागलीय."